गावाकडचा रॉक बँड वीस-पंचवीस वर्षं टिकवायचा कसा: वाटणी, तालीम अन् ऐकणाऱ्यांचं रजिस्टर

पयलेच सांगून टाकतो, बँड स्टेजवर मोडत नाही. स्टेजवर सगळे गुण्यागोविंदानं वाजवतात. बँड मोडतो गाडीत परत येताना, पैशाच्या वाटणीत, तालमीला कोण आलं अन् कोण शेतात पाण्याच्या पाळीवर गेलं यावरून, अन् पाच वर्षांनी तेच दहा गाणे वाजवून वाजवून कंटाळा आल्यावर. म्हणून इथं गिटार कशी धरायची हे काही सांगत नाही, ते युट्यूबवर पोट्टे माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. ज्यांच्याकडं एक-दोन गिटार, एक ऑक्टापॅड, एखादा कॅसिओ अन् जमलं तं खंजिरीवाला आहे, तालुक्यात चार गावं ओळखतात, अन् आता पुढं काय असं झालंय, त्यांच्यासाठी हे आहे.

जगात लय जुने बँड आहेत. रोलिंग स्टोन्स १९६२ पासून, यूटू १९७६ पासून, मेटॅलिका १९८१ पासून. आपल्याकडं दिल्लीचा इंडियन ओशन १९९० पासून अन् परिक्रमा १९९१ पासून. त्यांच्याकडं ट्रक आहेत, मॅनेजर आहेत, वकील आहेत, सगळं मान्य. पण टिकायसाठी त्यांनी ज्या गोष्टी केल्या त्यातल्या अर्ध्याअधिक गोष्टींना पैसा लागतच नाही, एक वही लागते अन् थोडा मनाचा मोठेपणा लागतो. वही तं किराणा दुकानात भेटते.

आधी पैशाचं

पैशाचं आधी बोलू, कारण कोणीच बोलत नाही. समजा सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं मानधन, १५,००० ला ठरली. गाडी, डिझेल, ड्रायव्हरचं जेवण अन् वाटेतला चहा-पोहा धरून ३,००० गेले, राहिले १२,०००. तुम्ही पाच जण. तं वाटे पाच नाही पाडायचे, सहा पाडायचे, सहावा वाटा बँडचा. म्हणजे माणशी २,००० अन् २,००० बँडच्या डब्यात. त्या डब्यातून गिटारच्या तारा, केबल, अडॅप्टर, माईकची जाळी, अन् कोणाच्या घरी दवाखाना निघाला तं उचल. हा डबा नसला की काय होते, ज्याची गिटार त्यानंच तार आणायची, ज्याचा माईक त्यानंच सोल्डर मारून आणायचा, मग तो म्हणते माझं सामान जास्त झिजते तं मले जास्त पायजे, दुसरा म्हणते मी गातो म्हणून लोक येते, अन् एकदा हे सुरू झालं की मग ते थांबवणं कोणाच्या बापाले जमत नाही.

वाटणी करायची गाडी गावात शिरायच्या आधी. रस्त्यावरच्या टपरीवर, सगळ्यांसमोर, नोटा मोजून, अन् फोनपेनं आले असतील तं स्क्रीन सगळ्यांना दाखवून. "उद्या पाहू" चालवून घेऊ नका, कारण उद्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी उसने मागायला बसलेलं असते.

दुसरं, गाण्यावर नाव कोणाचं. यूटूची चार पोरं डब्लिनच्या एका शाळेत जमली, ड्रमवाल्यानं शाळेच्या बोर्डावर चिठ्ठी लावली होती, अन् तेच चौघं अजून आहेत. त्यांनी कमाई आपसात सारखी वाटायचं ठरवलं होतं. आरईएम नावाच्या अमेरिकेतल्या बँडचंही तसंच, गाणं कोणीही आणो, खाली चौघांची नावं. क्वीनमध्ये मात्र ज्यानं लिहिलं त्याचं नाव असायचं, त्यावरून कुरबुरी व्हायच्या, शेवटी १९८९ च्या अल्बमला त्यांनी सगळी गाणी बँडच्या एकाच नावावर टाकली. आता खरं बोलायचं तं सारखी वाटणी दरवेळी न्यायाची नसते, एक जण रात्र-रात्र जागून ओळी जुळवते अन् बाकीचे घोरतात, तरी माझं मत सारखीच वाटावी. चाल वहीत लिहिता त्या दिवशीच तारीख, कोण कोण हजर होतं अन् नाव कसं द्यायचं ते लिहून खाली सह्या करा. गाणं चाललं नाही तं वही पडून राहील, चाललं तं भांडण वाचेल.

अन् एखादा चॅनलवाला येऊन म्हणाला की पाच हजार घ्या अन् इथं सही मारा, तं आधी कागद घरी नेऊन वाचा. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, त्यात गाणं कंपनीला दिलं तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकार अन् संगीतकाराचा वाटा त्याला लिहून सोडता येत नाही असं केलंय. ही वसुली करणारी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे, स्वतःची गाणी असली तं तिचं मेंबर होता येते. गावाकडच्या लोकाईले हे कोणी सांगत नाही म्हणून इथं लिहिलं.

तालीम शेतीच्या अंगानं

शहरातल्या बँडसारखं दर रविवारी सहा वाजता असं काही इथं चालत नाही. जूनमध्ये पेरणी, मग डवरण, निंदण, फवारणी, गणपती-नवरात्रात कार्यक्रम, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापूस वेचणी, अन् हरभऱ्याच्या ओलिताला मोटरीची लाईट रात्रीची असली तं तुमचा बेसवाला रात्री दोन वाजता धुऱ्यावर बॅटरी घेऊन उभा. त्याला सकाळी तालमीला बोलावलं तं तो येईलही, पण वाजवणार काय.

म्हणून तालीम गावच्या बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी मजूर सुट्टी घेतात, शेतातलं काम ढिलं असते, सगळे गावात किंवा बाजारात असतातच. संध्याकाळी दोन तास बस झाले. पहिला तास पुढच्या कार्यक्रमाच्या गाण्यांचा, अन् दुसरा तास कच्चा. कच्चा म्हणजे त्या तासात तयार झालेलं एकही गाणं वाजवायचं नाही. कोणी दोन ओळी आणेल, कोणी नुसता ठेका, कोणी काहीच नाही. त्यातलं बरंचसं भंगार निघते, निघू द्या. फक्त मोबाईलचा रेकॉर्डर तालीम सुरू झाली की चालू, संपली की बंद, मधात कोणी हात लावायचा नाही. चांगलं वाजते ते नेमकं "आता रेकॉर्ड करू" म्हणायच्या आधी वाजते हे ज्यानं बँड चालवला त्याला माहीत आहे.

रेकॉर्डिंगला नाव द्या, नाही तं सहा महिन्यांनी फोनमध्ये शंभर फाईली अन् एकीचाही पत्ता नाही. तारीख अन् दोन शब्द, जसं "पोळ्याआधी खंजिरी संथ". व्हॉट्सअपवर टाकून ठेवू नका, फोन बदलला की गेलं. ड्राइव्हवर एक फोल्डर काढा अन् सगळ्यांना द्या.

लाईट गेली तं तालीम मोडायची नाही, उलट मी तं म्हणतो महिन्यातून एक तालीम मुद्दाम बिनलाईटीची करा. साधी गिटार, खंजिरी, आवाज, बस. ॲम्पचा गडगडाट गेला की गाण्यात चाल किती अन् आवाज किती हे तिथंच उघडं पडते. बरेच गाणे अशा तालमीत मरतात अन् ते बरंच होते.

अजून एक, बँडला तारीख लागते. रोलिंग स्टोन्ससारख्यांचंही २००५ नंतर नवीन गाण्यांचा अख्खा अल्बम यायला २०२३ उजाडलं, अठरा वर्षं. मग त्यांचा गायक मिक जॅगरनं तारीखच ठरवून टाकली की १४ फेब्रुवारीपर्यंत काम संपवायचं, अन् मग झालं. तुम्हाला १४ फेब्रुवारी कायले पायजे, तुमच्याकडं कोजागिरी आहे. आषाढ-श्रावणात सुपाऱ्या नसतात, तेव्हा कच्च्या तासातलं जे जमलं त्यातले तीन गाणे उचला, अन् कोजागिरीला दूध आटून होईस्तोवर गावासमोर वाजवा, कसेही झालेले असोत. तीनच. दहा धरले तं एकही होत नाही.

नवीन सुचायचं तं पुन्हा शिकायला बसा

कॅनडाच्या रश बँडचा ड्रमर नील पर्ट, जगातले ड्रमर ज्याला गुरू मानत होते तो माणूस, वीस वर्षं नाव कमावून झाल्यावर १९९० च्या दशकात फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या उस्तादाकडं परत शिकायला बसला. काडी धरायची पकड बदलली, बसायची पद्धत बदलली. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्या इथं तं उस्ताद गल्लीत बसून आहेत अन् आपण त्यांना हार्मोनियमवाले बुवा म्हणून सोडून देतो.

गुरुदेव सेवा मंडळ विदर्भात गावोगाव आहे. तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) खंजिरीवर भजन म्हणायचे, मोझरीच्या गुरुकुंजापासून ती खंजिरी गावागावात गेली, अन् आजही सामुदायिक प्रार्थनेला बसणारे सत्तरीतले आजोबा त्या एवढ्याशा चामड्यातून जे काढतात ते ऑक्टापॅडच्या बटनात नाही. जाऊन बसा त्यांच्यापाशी. पाहा ते काय करतात. डाव्या हातात खंजिरी, त्याच हाताच्या बोटांनी मधात-मधात चामडं दाबतात, अन् उजव्या हाताची थाप कधी कडेला पडते कधी पोटात, दाबलं की आवाज वर चढते, सोडलं की खाली उतरते. पावसाळ्यात चामडं ढिलं पडते, मग आजोबा ती चुलीपाशी नेऊन फिरवत फिरवत तापवतात अन् कानापाशी धरून बोटानं टिचकी मारून पाहतात. तापली का नाही ते कानालाच कळते, टायमिंग-बियमिंग काही नाही. तुमच्या ड्रमवाल्याला तिथं महिनाभर बसवा, तो परत येईल तेव्हा त्याचा हात वेगळा झालेला असेल. पैसे विचारू नका, आजोबांना राग येईल. जाताना खाऊच्या पानाचा विडा किंवा घरचा चिवडा न्या.

तसंच दंडारीचा लोकनाट्याचा खेळ आहे, बाया-पोरी म्हणतात ती भुलाबाईची गाणी आहेत, गोंड-कोलाम वस्तीवरचा ढेमसा नाच आहे. इंडियन ओशनचा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता, तिथं लोकांच्या तोंडी असलेली गाणी बँडमध्ये आली अन् ती त्यांची ओळख झाली. पण एक पथ्य पाळा. वस्तीवरची चाल उचलली तं आधी तिथं जाऊन विचारा, गाताना स्टेजवरून त्या वस्तीचं नाव घ्या, अन् रेकॉर्डिंगवर "पारंपरिक" एवढंच लिहून मोकळे होऊ नका, कोणत्या गावची ते लिहा. पहिला कार्यक्रम त्याच वस्तीवर करा, फुकट. त्यांना आवडलं नाही तं ते तोंडावर सांगतील, शहरात कोणी सांगत नाही.

सुचत नसलं की स्वतःवर एखादी अडचण घालून घ्यायची, हा जुन्या बँडांचा आवडता उपाय. मेटॅलिकानं २०२३ पासूनच्या दौऱ्यात बहुतेक शहरांत दोन-दोन रात्री वाजवायचं ठरवलं अन् नियम केला की पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. पर्ल जॅमही रोजच्या रोज यादी बदलते. आपल्याकडं गाणे कमी असतात, म्हणून नियम सोपा करा: एका गावात दुसऱ्यांदा गेलो तं अर्धी यादी वेगळी पायजे. त्यासाठी मागच्या वेळी काय वाजवलं ते लिहिलेलं पायजे, तेच ते, वही. अन् मेटॅलिकाचे गिटारवाला अन् बेसवाला दोघं मिळून, ज्या देशात गेले तिथल्या लोकांच्या तोंडचं एखादं गाणं मधात वाजवायचे, २०१८ ला प्राग शहरात असं एक झेक गाणं घेतलं अन् अख्खा हॉल सोबत गायला लागला, उच्चार धड नव्हते तरी. तुम्ही दहा कोसांवरच्या गावात जाता तं तिथल्या यात्रेत काय म्हणतात, बाया भुलाबाईला कोणती ओळ घोळवतात, हे आठ दिवस आधी फोनवरून विचारायला काय जाते.

चिठ्ठ्या फेकू नका

कार्यक्रमात फर्माईशीच्या चिठ्ठ्या येतात. बिडीच्या बंडलाचा कागद, आडतीची पावती, शाळेच्या वहीचं पान, एकदा तं लग्नपत्रिकेचा मागचा भाग आला होता. आपण काय करतो, वाचतो, जमलं तं वाजवतो अन् चुरगळून टाकतो. टाकू नका, डब्यात ठेवा, मागं गावाचं नाव अन् तारीख टाका. सीझन संपला की सतरंजीवर सगळ्या ओता अन् गाण्यागाण्याचे ढीग लावा. एका संध्याकाळचं काम आहे पण त्यातून जे समजते ते कोणताही फॅन क्लब सांगू शकत नाही. फिल्मी गाण्यांचा ढीग सगळ्यात मोठा असेल, त्यावर मन छोटं करू नका. तुमच्या स्वतःच्या गाण्याचा ढीग पाहा. ज्या गावात तुम्ही ते गाणं कधीच वाजवलं नाही तिथून त्याची चिठ्ठी आली, म्हणजे रेकॉर्डिंग तुमच्या आधी तिथं पोचलं, तं पुढची सुपारी तिथूनच शोधा. अन् गाण्याचं नाव लोक चुकीचं लिहितात, ते चुकीचं नाव जपून ठेवा, बऱ्याचदा ते तुमच्यापेक्षा चांगलं असते.

यादीचं म्हणाल तं नवीन गाणं शेवटी कधीच नाही. शेवटी बाया लेकरं खांद्यावर टाकून उठायला लागतात, पोरं मोटरसायकली काढतात. दोन ओळखीचे गाणे झाले की तिसरं नवीन, लगेच त्यामागं सगळ्यात चालणारं. वेळेचंही बंधन आहे, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते, अन् परवानगीचा कागद आयोजकानं काढला की नाही हे तुम्ही स्वतः विचारा, "होऊन जाते भाऊ" यावर विश्वास ठेवून सामान भरू नका. नाही तं दहाला गाणं अर्ध्यात राहते अन् मग लोक आयोजकाला नाही, बँडला बोलतात.

ऐकणाऱ्यांचं रजिस्टर

१९७१ साली ग्रेटफुल डेड नावाच्या अमेरिकी बँडनं रेकॉर्डच्या कव्हरच्या आत छापलं की तुम्ही कोण आहात, कुठं आहात, कसे आहात, पत्ता पाठवा, आम्ही कळवत राहू. हजारो पत्रं आली, अन् ती यादी पुढं त्यांना जन्मभर पुरली, १९८३ पासून तं ते तिकिटंही पोस्टानं स्वतःच विकायला लागले. तेव्हा ना फोन ना नेट.

आपण काय करायचं, एक जाड रजिस्टर अन् एक बोलका पोरगा. कार्यक्रम सुरू असताना त्यानं चहाच्या ठेल्यापाशी बसायचं. नाव, गाव, फोन, कोणतं गाणं आवडलं, अन् पुढच्या वेळी सांगू का. एवढंच. बायांचे नंबर बऱ्याचदा घरच्या माणसाचे असतात, त्यामुळं शेजारी बाईचं नाव लिहाच, नाही तं मेसेज जाते नवऱ्याला अन् त्याला गाण्याचं काही देणंघेणं नसते. रजिस्टर कोणाला द्यायचं नाही, निवडणुकीत मागायला येतात, तेव्हाही नाही.

व्हॉट्सअपचा ग्रुप काढण्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. ग्रुपवर दोन दिवसांत गुड मॉर्निंगची फुलं, मग तुरीचे भाव, मग राजकारण, मग भांडण, अन् तुमच्या कार्यक्रमाची तारीख त्याखाली गाडली जाते. ब्रॉडकास्टच्या एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण मेसेज त्यालाच जाते ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला असते, म्हणून रजिस्टरवाल्या पोरानं तिथल्या तिथं नंबर सेव्ह करून घ्यायचा, "दादा नाव टाका ना, बँडवाले म्हणून". गावागावाची लिस्ट वेगळी ठेवा. आर्णीच्या माणसाला चिमूरच्या कार्यक्रमाचे चार-चार मेसेज कायले.

मेसेजात नुसती जाहिरात टाकू नका. तालमीतले वीस सेकंद टाका, बिघडलेलेही चालतात. दोन चाली टाकून विचारा कोणती ठेवू, अन् उत्तरं आली तं खरंच तीच ठेवा, नाही तं पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

लोक मोबाईलवर शूटिंग करतात त्यांना अडवू नका, कितीही वाकडंतिकडं असू द्या. त्याच ग्रेटफुल डेडनं १९८४ ला रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांसाठी कार्यक्रमात वेगळी जागाच देऊन टाकली, टेपा हातोहात वाटल्या गेल्या अन् त्यातूनच नवीन माणसं येत गेली. परिक्रमानंही स्वतःची गाणी फुकट देऊन टाकली. इंडियन ओशननं २०१० ला एक अल्बम असा काढला की महिन्याला एक गाणं, नेटवरून फुकट. हे महिन्याला एक गाणं प्रकरण मला आपल्यासाठी सगळ्यात कामाचं वाटते, कारण आठ गाणे एकदम टाकले तं आठ दिवसांत लोक विसरतात, अन् आपल्याकडं एकदम आठ गाणे रेकॉर्ड करायला पैसेही नसतात. अमावास्येला एक टाका, बैलगाडीवाल्यालाही तारीख लक्षात राहते. युट्यूबच्या जाहिरातीच्या पैशावर मात्र हिशोब बांधू नका, त्यासाठी १,००० सबस्क्रायबर अन् वर्षात ४,००० तासांचं पाहणं लागते, अन् फिल्मी गाणं वाजवून टाकलं तं पैसे मूळ मालकाकडं जातात.

तारखेवरून झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवाल्या भागाची, गोष्ट सांगतो. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावचे लोक तिथं येऊन नाटक बुक करतात, अन् दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन चालते. नाटक असते मंडईला (म्हणजे गावच्या जत्रेला) किंवा शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), अन् त्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे बोलावलेले असतात, म्हणजे प्रेक्षक कंपनीला आणावाच लागत नाही, तो जावई-व्याह्यांच्या रूपानं आधीच गावात येऊन बसलेला असते. २०२३ ला परशुराम खुणे यांना पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. बँडवाल्यांनी यातून एवढंच घ्यायचं की आपली तारीख गावाच्या तारखेला बांधा. "दर वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात" असं एकदा बसलं की चार-पाच वर्षांनी पोस्टर लागत नाही, अन् पुण्या-चाकणला कंपनीत गेलेले पोट्टेही तेव्हाच गावात असतात.

हे बाहेर गेलेले पोट्टे म्हणजे तुमचा खरा आधार. मॅरिलियन नावाचा इंग्लंडचा बँड आहे, १९९७ ला त्यांच्याकडं अमेरिकेत जायला पैसे नव्हते, तं तिथल्या चाहत्यांनी आपणहून खातं उघडून जवळपास ६०,००० डॉलर जमवले. पुढं २००१ च्या अल्बमला तं बँडनं आधीच विचारलं की गाणे अजून झाले नाहीत, आत्ताच विकत घेता का, अन् बारा हजारांवर लोकांनी घेतला. आपल्याला साठ हजार डॉलर नको, एका गाण्याच्या स्टुडिओचा खर्च पायजे. बाहेरच्या पोरांना सांगा की एवढे लागतात, इतके कमी आहेत, अन् पैसे देणाऱ्या प्रत्येकाचं नाव गाण्याखाली गावासकट टाका. खर्च झाल्यावर बिलाचा फोटो सगळ्यांना पाठवा, चहाच्या बिलासकट. हे एकदा नीट केलं तं पुढच्या वेळी मागावं लागत नाही, तेच विचारतात, "भौ, औंदा काही काढून नाही राह्यले का?"

माणूस गेला, माणूस रुसला

जाणारच. कोणाचं लग्न, कोणाला चाकणला नोकरी, कोणाला सरळ घरूनच मनाई. इंडियन ओशनचा असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात वारला, तो गायचाही अन् तबलाही वाजवायचा. त्यांनी त्याच्यासारखा दुसरा शोधला नाही, गायला एक अन् वाजवायला एक असे दोघं घेतले, अन् बँड पुढं गेला. २०१३ ला सुरुवातीपासूनचा गिटारवाला सोडून गेला तेव्हाही दुसरा आला अन् त्याला त्याच्या पद्धतीनं वाजवू दिलं. नवीन पोराला जुन्याची नक्कल करायला लावू नका, त्याचं एक तरी गाणं पहिल्याच वर्षी यादीत घ्या. अन् चाकणला गेलेल्याचा वाटा बंद झाला तरी नाव बंद करू नका, दिवाळीला तो आला की दोन गाण्यांना त्याला चढवा, लोकाईले तेच पाहायचं असते.

रुसण्याचं वेगळं आहे. २००१ ला मेटॅलिकाचा बेसवाला सोडून गेला अन् बाकीचे एकमेकांशी धड बोलेनात, तेव्हा त्यांनी महिन्याला ४०,००० डॉलर देऊन समजूत घालणारा माणूस ठेवला होता. आपल्याकडं एवढ्यात ट्रॅक्टर येते. पण कल्पना बरोबर आहे, भांडण मिटवणारा बँडच्या बाहेरचा पायजे. एखादे निवृत्त मास्तर, कोणाचा तरी मामा, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही पण सगळे ज्याचा मान ठेवतात. वर्षातून एकदा, होळीनंतर, त्याच्यासमोर बसायचं, वही-डबा मधात ठेवायचा अन् ज्याचं जे पोटात आहे ते ओठावर आणायचं. जेवण बँडच्या डब्यातल्या पैशातून, मटणाचं.

वय झालं की गायकाचा आवाज उतरते, त्यात लाजायचं काही नाही, गाणं अर्धा-एक सूर खाली घ्या, मोठमोठे बँड हेच करतात. ड्रमवाला अन् मॉनिटरपाशी (स्टेजवर आपल्याकडं तोंड केलेल्या स्पीकरपाशी) उभा राहणारा यांनी कानात बोळे घालायचे, मेडिकलवर स्वस्तात भेटतात, कान गेले की परत येत नाहीत.

अन् चॅनलचा, ड्राइव्हचा अन् फेसबुक पेजचा पासवर्ड दोघांकडं ठेवा, त्यातला एक तरी असा पायजे जो कधी रुसत नाही. असा बँडमध्ये कोणीच नसला तं मामाकडं द्या.